एका अंगणात दोन कुत्री

आपल्याकडे कुत्रे विकत आणण्याची पद्धत फारशी नाही. ते आपोआप येते. शाळेतून परतणाऱ्या पोरांच्या मागून येते, पावसात पडवीत शिरते ते तिथलेच होऊन जाते, नाहीतर मामाच्या गावाहून पिशवीतून तोंड बाहेर काढून एस. टी. ने येते. रत्नागिरी तालुक्यातील कोणत्याही वाडीत संध्याकाळी चक्कर मारली तर दारात कुत्रे नाही असे घर शोधावे लागेल. आणि त्याचे कारणही तसेच आहे. कौलांवर वानरे येतात, भाताच्या दाढीत रानडुकरे शिरतात, रात्री-अपरात्री बिबट्याची चाहूल लागते. गरिबाच्या घराला कुंपण नसते, कुलूपही कामचलाऊ असते. कुत्रे हाच त्याचा पहारेकरी. मग एक असताना दुसरे आले तरी घरातले माणूस म्हणते, ‘राहू दे, एकाला दोन बरी.’

इथे मात्र एक आणि एक दोन हा हिशेब चालत नाही. दोन कुत्री झाली की त्यांचे आपसातले नाते हे तिसरे प्रकरण घरात येते. पुष्कळ घरांत ते नाते चांगले जमते. दोघे एकाच गोणपाटावर झोपतात, एकाच सुरात भुंकतात. काही घरांत मात्र एक दिवस अचानक दोघे एकमेकांच्या मानेला लागतात, आणि मग आठवड्याला एक तरी भांडण ठरलेले. शेजारपाजारचे हसतात, पोरे टाळ्या पिटतात. ‘कुत्र्यांचे भांडण’ हा आपल्या भाषेत चेष्टेचाच शब्द आहे. पण ज्या घरात हे भांडण होते तिथे ते सोडवायला हात कोणाचा जातो, हे कोणी विचारीत नाही. बहुधा तो आईचा असतो, नाहीतर लहान मुलाचा. म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. कर्ता पुरुष रिक्षा चालवतो, त्याची पत्नी मिरकरवाड्याला मासळी निवडण्याच्या कामाला जाते. घरात सासूबाई, एक दहा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मोत्या नावाचा कुत्रा त्यांच्याकडे आठ वर्षांपासून आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या मागे लागून एक पिल्लू आले, त्याचे नाव वाघ्या ठेवले. पहिले वर्ष मोत्याने त्याला अंगावर खेळू दिले, शेपटी ओढू दिली. वाघ्या दीड वर्षाचा झाला आणि सगळे बदलले. एका संध्याकाळी बाईंनी कामावरून आणलेली बांगड्यांची मुंडकी नेहमीप्रमाणे एकाच परातीत ओतली. दोघे एकदम धावले आणि जुंपली. मुलीने मोत्याला वाचवण्यासाठी त्याच्या मानेला मिठी मारली. तिच्या तळहाताला दोन दात लागले. कोणत्या कुत्र्याचे, ते कोणालाच सांगता आले नाही.

सासूबाई जखमेवर चुना लावायला निघाल्या होत्या. सुदैवाने शेजारच्या अंगणवाडी सेविका तिथे होत्या. त्यांनी चुना बाजूला ठेवायला लावून मुलीचा हात नळाखाली धरला. मग सरकारी रुग्णालय, सुई, सीरम. मुलीच्या वडिलांनी त्याच रात्री जाहीर केले, ‘उद्या रिक्षात घालून वाघ्याला हातखंब्याच्या पलीकडे सोडून येतो.’ मुलीने जेवण सोडले. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, ‘दादा, काय करू सांगा. पोरीचा हात बघू की पोरीचं मन बघू?’

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे, कचेरीत फायली सांभाळणारा माणूस. पण विचारपूस करणे, वाचणे आणि दहा जणांना सांगणे एवढे आपल्याला येते. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना विचारून आणि जे काही वाचायला मिळाले ते वाचून त्या ताईंना जे सांगितले, तेच येथे व्यवस्थित मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बहुतेक जाणती माणसे सांगतात, ‘लढू द्या एकदा. कोण वरचढ ते ठरले की आपोआप शांत होतील.’ या समजुतीला मागे शास्त्राचाही आधार मिळाला होता. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. कळपात सर्वांवर हुकूमत गाजवणारा एक नर व एक मादी असते, असे त्यातून जगभर पसरले. कुत्रा लांडग्याच्याच वंशातला, तेव्हा हाच नियम त्यालाही लावला गेला. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने मोकळ्या रानातील लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९९ साली स्पष्ट लिहिले की, रानातला कळप म्हणजे आईबाप व त्यांची पोरे असे साधे कुटुंब असते. तिथे गादीसाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. अनोळखी लांडगे एका पिंजऱ्यात कोंडले म्हणून ते तसे वागत होते. तात्पर्य, लढून शांतता येते हे खरे नाही. प्रत्येक भांडणातून कुत्रा भांडायलाच शिकतो. जिंकलेला पुढच्या वेळी लवकर तुटून पडतो आणि हरलेला भीतीपोटी आधीच दात दाखवतो.

मग वर्षभर गोडीने राहिलेली कुत्री अचानक का भांडतात? पिल्लाला मोठे कुत्रे पोर म्हणून पुष्कळ सूट देते. पिल्लू एक ते तीन वर्षांच्या दरम्यान मनाने प्रौढ होते आणि ती सूट संपते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ प्रकरणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक जोड्या सारख्याच लिंगाच्या, म्हणजे नर-नर किंवा मादी-मादी अशा होत्या. भांडण उकरून काढणारा बहुधा वयाने लहान व घरात नंतर आलेला होता. माद्या शांत असतात असा आपला समज असतो, पण या प्रकरणांत माद्यांचा वाटा मोठा होता. भांडणाची निमित्ते पाहिली तर ती आपल्याच घरातली वाटतात: मालकाचे लक्ष, खाणे, एखादी सापडलेली वस्तू, आणि गडबड-गोंधळ.

आपल्या रत्नागिरीच्या वर्षाशी ही निमित्ते जुळवून पाहा. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात. दारात बॅगा, पोरांचा आरडाओरडा, लग्नकार्याची हाडके. दोन्ही कुत्री दाराकडे धावतात, अरुंद उंबऱ्यात एकमेकांवर आदळतात आणि तिथेच पेटते. जून लागला की पाऊस चार महिने दोघांना एकाच पडवीत कोंडतो. चुलीजवळची कोरडी जागा एकच आणि मागणारे दोघे. भाद्रपदाच्या सुमारास माद्या माजावर येतात, तेव्हा नरांची डोकी फिरलेली असतात. वानर कौलावर बसून वाकुल्या दाखवते, कुत्र्यांना वर चढता येत नाही, मग तो राग शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यावर निघतो. आणि एक कारण आपल्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे दुखणे. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, कानात पू होतो, गोचिडांनी अंग सोलून निघते. अशा वेळी तरुण कुत्र्याने नुसता धक्का दिला तरी ते फाडकन चावते. म्हणून पूर्वी गोड असलेले कुत्रे एकाएकी भांडखोर झाले तर आधी त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

मोत्याच्या बाबतीत तसेच निघाले. त्याच्या एका कानात जुनी जखम चिघळलेली होती. वाघ्या खेळताना त्याच कानाला तोंड लावी. घरातल्यांना वाटे, मोत्या म्हातारपणी तिरसट झाला.

भांडण अचानक होते असे आपण म्हणतो, पण ते तसे नसते. आधी सूचना मिळते, आपण ती वाचत नाही. कुत्रे एकदम ताठ होते. तोंड मिटते, शेपटी काठीसारखी उभी राहते, नजर दुसऱ्यावर रोखलेली असते. पाठीवरचे केस उभे राहतात. एक जण दारात किंवा जेवणाच्या भांड्यासमोर आडवा उभा राहून दुसऱ्याची वाट अडवतो, किंवा त्याच्या खांद्यावर मान टाकतो. ओठ वर जातो, गुरगुर सुरू होते. याउलट खेळणारी कुत्री सैल असतात. पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतात, कधी हा पळतो तर कधी तो, मध्येच थांबून अंग झाडतात. ताठ अंग आणि सैल अंग एवढा फरक घरातल्या प्रत्येकाने ओळखायला शिकावा. ताठपणा दिसला की ओरडू नये. हलक्या आवाजात एकाला दुसरीकडे बोलवावे, हातात काही खाण्याचे असेल तर उत्तम.

गुरगुरण्याबद्दल एक सांगावेसे वाटते. कुत्रे गुरगुरले की आपण त्याला काठी हाणतो. त्यामुळे ते गुरगुरणे सोडते, राग मात्र सोडत नाही. पुढच्या वेळी ते काही न सांगता थेट चावते. गुरगुर म्हणजे गाडीचा हॉर्न आहे. हॉर्न तोडून अपघात टळत नाहीत.

आता प्रत्यक्ष जुंपली तर काय करावे? पहिला नियम मुलांसाठी, आणि तो भांडण नसताना चार वेळा पाठ करून घ्यावा: कुत्री भांडली की मुलांनी घरात जायचे, दार लावायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. मिठी मारायची नाही, मध्ये पाय घालायचा नाही. मोठ्यांनीही मानेला किंवा पट्ट्याला हात घालू नये. त्या क्षणी कुत्र्याला मालकाचा हात आणि शत्रूचे अंग यांतला फरक कळत नाही. स्टीलचे ताट पळीने जोरात वाजवावे. तेवढ्याने न सुटली तर बादलीभर पाणी तोंडावर मारावे. तरीही न सुटली तर दोघांच्या मध्ये फळी, पत्रा, खुर्ची, जे हाताशी असेल ते सरकवावे, किंवा एकाच्या डोक्यावर ओले गोणपाट टाकावे. अगदीच नाइलाज झाला आणि दोन धडधाकट माणसे हजर असली तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून हातगाडीसारखे मागे ओढावे व वळवून लगेच वेगवेगळ्या ठिकाणी कोंडावे. एकट्या माणसाने हे करू नये, कारण मोकळे राहिलेले कुत्रे धरलेल्यावर पुन्हा झडप घालते. काठीने मारू नये. मार लागला की कुत्र्याला वाटते समोरच्यानेच दुखवले, आणि ते अधिक घट्ट चावते. तिखट तर मुळीच टाकू नये.

सुटल्यावर ‘चला, आता दोस्ती करा’ म्हणून दोघांची तोंडे एकमेकांना लावू नयेत. अंगातला ताप उतरायला वेळ लागतो. दोन-तीन दिवस वेगळे ठेवावे. केसांत हात घालून जखमा शोधाव्यात. दाताचे भोक वरून बारीक दिसते, पण आत खोल असते आणि आठवड्यात पू धरते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. हे दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी असतात असा समज करून घेऊ नये.

माणसाला दात किंवा नख लागले तर मात्र एक मिनिटही दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. आपल्याला दोन मिनिटांतच पुरे झाले असे वाटते. चुना, हळद, मिरची, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये, जखम बांधू नये. धुऊन झाले की सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो. तो पोचण्याआधी लस मिळाली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणे दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही. ‘घरचेच कुत्रे आहे, त्याला काय झालेय’ असे म्हणून थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे हे खरे, पण लस सुरू करूनच लक्ष ठेवावे.

जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून बसलेली आहे. त्या भीतीपायी कितीतरी लोक दवाखाना सोडून मांत्रिकाकडे गेले. ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. आता सरकारी रुग्णालयात दंडाच्या कातडीत बारीक सुया देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत सीरमही द्यावे लागते, ते विचारून घ्यावे. फेऱ्या चार. रोजंदारीवरच्या आईला चार फेऱ्या म्हणजे चार खाडे, हे मला ठाऊक आहे. तिसरी सुई झाली की ‘बरे वाटतेय’ म्हणून चौथी बुडवण्याचा मोह होतो. कृपा करून बुडवू नका.

आता रोजच्या वागण्याकडे येऊ. भांडणे थांबवण्याचे नव्वद टक्के काम भांडण नसताना करायचे असते. त्याला खर्च फारसा नाही, शिस्त मात्र लागते.

दोन कुत्र्यांना दोन भांडी द्यावीत, आणि ती एकमेकांना न दिसतील अशा दोन ठिकाणी ठेवावीत. एक पडवीत, एक मागील दारी. मध्ये दार किंवा फळी हवी. जेवून झाले की दोन्ही भांडी उचलून टाकावीत. रिकाम्या भांड्यावरूनही युद्ध होते. मासळीची मुंडकी, मटणाची हाडे असे चविष्ट काही असेल त्या दिवशी दुप्पट काळजी घ्यावी. झोपायला दोन गोणपाटे, दोन कोपरे. कामावरून घरी आल्यावर दोघे अंगावर उड्या मारतात तेव्हा एकाला कुरवाळले की दुसऱ्याचा जळफळाट होतो. दोघांकडेही लक्ष न देता आत जावे, पिशवी ठेवावी, हातपाय धुवावेत. ती शांत झाल्यावर एकेकाला बोलवावे. दोघांना जवळजवळ साखळीने बांधून ठेवण्याची चूक पुष्कळ घरांत होते. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरकता येत नाही, म्हणून ते पुढे येते. साखळीत दिवस काढलेले कुत्रे आधीच चिडलेले असते, त्यात शेजारी दुसरे.

दुसरे, दोघांनाही वेगवेगळे ‘बस’ शिकवावे. बसल्याशिवाय भाकरी नाही, बसल्याशिवाय दार उघडणार नाही, बसल्याशिवाय डोक्यावरून हात नाही. वर सांगितलेल्या टफ्ट्सच्या अभ्यासात ज्या घरांनी हा ‘फुकट काही नाही’ नियम पाळला, त्यांतील बहुतेकांना फरक दिसला. घरातल्या सगळ्यांनी मात्र तोच नियम पाळायला हवा. आई बसवते आणि आजी मागल्या दाराने गुपचूप मासा टाकते, असे चालत नाही.

तिसरे, एकमेकांची नव्याने ओळख. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेले असेल. त्यांना पचनक्रियेवरील कामासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खाण्याच्या आधी रोज एकच खूण दिली तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला तेच करायचे आहे. मोत्याला वाघ्या दिसला की काहीतरी चांगले मिळते, असे त्याच्या डोक्यात बसले पाहिजे. दोन मोठ्या माणसांनी दोन दोऱ्या धरून दोघांना घराबाहेर, कोणाच्याच हद्दीत नसलेल्या जागी न्यावे. ओहोटीच्या वेळी भाट्याची किंवा मांडवीची वाळू त्याला चांगली. सुरुवातीला वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चालावे. दुसरा दिसला आणि आपला शांत राहिला की भाकरीचा तुकडा, सुक्या मासळीचा कण द्यावा. रोज थोडे अंतर कमी करावे. कोणी ताठ झाला तर पुन्हा अंतर वाढवावे. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे पुरतात. एक-दोन दिवसांत होणारे काम नाही हे, काही आठवडे जातात.

नसबंदीबद्दल लोक विचारतात. नरांच्या भांडणात तिचा उपयोग होऊ शकतो, पण अंगवळणी पडलेली भांडणाची सवय तिने पुसली जाईलच असे नाही. माद्यांची भांडणे माजाच्या काळात वाढत असतील तर ती कमी होतात, एरवीची होतीलच असे सांगता येत नाही. तरी नको असलेली पिल्ले टळतात हा फायदा मोठा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळलेल्या जनावराचे लसीकरण, जंताचे औषध व नसबंदी ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे. ‘आम्ही कुठे पाळलेय, ते आपोआप राहतेय’ असे म्हणून सुटका नाही. ज्याला रोज भाकरी घालतो, ते आपले.

त्या रिक्षावाल्या बंधूंना मी इतकेच म्हटले होते, ‘तीन महिने द्या, मग बोलू.’ त्यांनी जुन्या प्लायवुडचे अर्धे दार करून पडवीला बसवले. मोत्याच्या कानावर उपचार झाले. परात गेली, दोन जर्मनच्या ताटल्या आल्या. संध्याकाळी नवरा-बायको दोघे मिळून कुत्र्यांना फिरवू लागले. ताई हसत म्हणाल्या की, लग्नानंतर आम्ही एवढे एकत्र फिरलो नव्हतो. त्या मुदतीत एकदा गुरगुर झाली, दात लागले नाहीत. मोत्या-वाघ्या जिवलग झालेत असे कोणी म्हणणार नाही. भिंतीला भिंत असलेले दोन शेजारी राहतात तसे ते राहतात. घरी मोठे माणूस नसताना दोघांना अजूनही एकत्र सोडत नाहीत, आणि ते शहाणपणाचेच आहे. मुलीच्या चारही सुया पूर्ण झाल्या.

काही घरांत एवढे करूनही जमत नाही. भांडण दर वेळी अधिक रक्तबंबाळ होते, घरात रांगते मूल असते, दिवसभर सगळे कामावर असतात. अशा वेळी एका कुत्र्याला दुसरे घर पाहून द्यावे. त्यात कमीपणा नाही. कलमांच्या बागेत राखणदार लागतो, नात्यात कोणाचे कुत्रे गेलेले असते. लसीचे कार्ड सोबत द्यावे, स्वभाव खरा सांगावा, महिन्याभराने जाऊन पाहून यावे. पण घाटात नेऊन सोडू नये, आणि विष तर मनातही आणू नये. उपाशी-तहानलेले मरेल अशा अवस्थेत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. जनावराला ठार करणे, विष घालणे यासाठी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. परक्या हद्दीत सोडलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात. ते भुकेजते, घाबरते आणि कोणाला तरी चावते. आपल्या अंगणातले दुखणे आपण दुसऱ्या वाडीतल्या मुलाच्या पोटरीवर नेऊन ठेवतो.

आपल्यापैकी पुष्कळांनी फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र पाहिले असेल. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. आणि त्यांच्यासोबत त्याच चौकटीत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. कुटुंबाचा फोटो काढताना त्याला बाहेर ठेवले नाही. घरात घेतलेल्या जनावराचे स्थान काय असते हे त्या एका चित्रावरून समजते. त्यासाठी महागडा पट्टा किंवा परदेशी जात लागत नाही. गावठी कुत्र्यालाही घरातले एक गणले की त्याच्या खाण्याची, लसीची आणि भांडणाचीही जबाबदारी आपोआप आपल्याकडे येते.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या दारी दोन कुत्री असतील तर एवढे अवश्य पाहा. दोघांची लसीची कार्डे कुठे आहेत ती काढा आणि वर्ष उलटून गेले आहे का ते तपासा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास अनेक ठिकाणी लसीकरणाची शिबिरे होतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारून ठेवा, आणि शिबिर असेल तर वाडीतल्या सगळ्या घरांना कळवा. एकट्याने एक कुत्रे नेण्यापेक्षा एका टेम्पोत दहा नेली तर भाडेही वाटून जाते. मुलांना जवळ बसवून भांडणात न पडण्याचा नियम सांगा. आणि आज रात्री भाकरी घालाल तेव्हा एका परातीऐवजी दोन ताटल्या घ्या, दोन कोपऱ्यांत ठेवा, दोघांचे खाणे होईपर्यंत तिथेच उभे राहा.